हॉकी टीव्हीवर का चालत नाही? (जिममधल्या वादावरून धागा)

घोडबंदर_बॉय

मंडळी, सीरियसली विचारतोय, भांडण नको. 10 डिसेंबर 2025 ला हॉकीच्या ज्युनियर वर्ल्ड कपची ब्राँझची मॅच होती चेन्नईला, आपण वि. अर्जेंटिना. मानपाड्याला आमच्या जिममध्ये भिंतीवर टीव्हीच टीव्ही आहेत आणि सगळ्यांवर क्रिकेट, तेही लाइव्ह नाही, जुन्या मॅचचे हायलाइट्स, ज्याचा निकाल लागून पण वर्ष झालं असेल. ट्रेनरला म्हटलं एकावर तरी हॉकी लाव ना रे, तर ट्रेडमिलवरचे एक काका म्हणाले, "राहू दे की, त्यात बॉल कुठाय तेच कळत नाही." शेवटी मोबाइल डंबेलच्या रॅकला टेकवून बघितली. 0-2 ने मागे होतो आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये चार गोल ठोकून 4-2 ने जिंकलो राव. मी ओरडलो तर ट्रेनर धावत आला, त्याला वाटलं माझ्या पायावर प्लेट पडली.

तर प्रश्न असा की आठ ऑलिम्पिक गोल्ड, टोकियोला ब्राँझ, पॅरिसला परत ब्राँझ, एवढं सगळं असून हा खेळ टीव्हीवर क्रिकेट तर सोडाच पण कबड्डी, फुटबॉलच्याही मागे का? खेळात खोट आहे, दाखवणाऱ्यात आहे की आपल्यात?

कोपरी_पूल

कोण बघतंय भावा. तू बघतोस तेवढा एक टीआरपी.

तलावपाळी_काका

घोडबंदर, तुमचं वय कमी दिसतंय म्हणून सांगतो. हॉकीची चांगली वर्षं रेडिओच्या वाट्याला आली आणि वाईट वर्षं टीव्हीच्या. 1928 पासून 1956 पर्यंत सलग सहा गोल्ड, मग 1964, आणि 1980 चं मॉस्को. यातलं लाइव्ह काय बघितलं आपण? 1975 ला क्वालालंपूरला पाकिस्तानला 2-1 हरवून वर्ल्ड कप आणला तेव्हा आम्ही नौपाड्यात एका ट्रान्झिस्टरभोवती उभे होतो. जसदेव सिंगांची कॉमेंट्री. त्या माणसाच्या आवाजात बॉल दिसायचा हो, आता 4के मध्ये दिसत नाही म्हणतात.

मग 1982 ला दिल्लीचं एशियाड आलं, त्याच वर्षी रंगीत टीव्ही आला. आमच्या बिल्डिंगमध्ये एकाकडेच होता, सगळी चाळ त्यांच्या दारात. फायनल पाकिस्तानशी. 1-7. सात गोल रंगीत बघितले. आणि पुढच्याच जूनमध्ये लॉर्ड्सवर कपिलच्या हातात कप. आता सांगा, त्या घरातल्या पोरांनी दुसऱ्या दिवशी स्टिक आणली असेल की बॅट?

मीडिया_मजूर

काकांचा मुद्दा भारी आहे पण मी ॲड सेल्समध्ये आहे, रोज हेच बघतो, तर जरा कोरडं सांगतो. चॅनेलला खेळात रस नसतो, खेळातल्या मोकळ्या जागेत असतो. टी20 मध्ये दर ओव्हरनंतर जागा, विकेट पडली की जागा, आयपीएलमध्ये तर टाइमआउट वेगळे. हॉकीत काय मिळतं? 15-15 मिनिटांचे चार क्वार्टर, मधे दोनदा दोन-दोन मिनिटं आणि हाफटाइम. झालं. हाफटाइमला प्रेक्षक उठून चहा ठेवायला जातो हे क्लायंटलाही माहीत असतं.

आयपीएलचे 2023 ते 27 चे मीडिया राइट्स 48,390 कोटींना गेले, 410 मॅच धरल्या तर एका मॅचचे 118 कोटी, म्हणजे साधारण एका बॉलला 49 लाख. हा आकडा एकदा डोक्यात गेला की मग स्पोर्ट्स चॅनेलवाला बाकी कुठल्याही खेळाकडे कसा बघत असेल ते आपोआप समजतं.

घोडबंदर_बॉय

मग फुटबॉलचं काय? तिथे तर 45 मिनिटं एकही ब्रेक नाही आणि जगात सगळ्यात जास्त तेच बघतात. माझ्या ऑफिसमधली अर्धी पोरं लिव्हरपूल-आर्सेनलवरून एकमेकांशी बोलत नाहीत, आयुष्यात कधी विमानात बसलेली नाहीत.

मीडिया_मजूर

बरोबर पकडलंस. ब्रेक हे अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं म्हणजे सवय. प्रीमियर लीग ऑगस्ट ते मे, शनिवार-रविवार, आपल्याकडे संध्याकाळपासून रात्रीपर्यंत, वर्षानुवर्षं तेच. माणसाला विचारावं लागत नाही मॅच आहे का म्हणून. हॉकी कधी असते? ऑलिम्पिकला सगळे बघतात, मग एकदम गायब, मग कुठेतरी सकाळी प्रो लीगची मॅच, मग आशिया कप, आणि प्रत्येक वेळी चॅनेल वेगळं, ॲप वेगळं, पॅक वेगळा. प्रेक्षक शोधत शोधत यायला हा काय हरवलेला नातेवाईक आहे?

ऐरोली_एक्स्प्रेस

कबड्डीला मागे म्हणू नका हां, इथे ऐरोली-घणसोली-कोपरखैरण्यात ऐकलं तर तुमचं काही खरं नाही 😄

जोक सोडा पण कबड्डीचं उदाहरण नीट बघा. 26 जुलै 2014, वरळीला पहिली मॅच, यू मुंबा वि. जयपूर. त्याआधी टीव्हीसाठी कबड्डी म्हणजे एशियन गेम्सच्या बातमीतली दोन सेकंदं. मग काय केलं? मातीवरून मॅटवर आणली, 30 सेकंदांची रेड, डू ऑर डाय रेड (दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरीत पॉइंट आणायचाच), प्रत्येक रेडला एक सुरुवात एक शेवट, रेडरच्या तोंडावर कॅमेरा. मैदान 13 बाय 10 मीटर, सगळं एका फ्रेममध्ये बसतं. आणि मेन म्हणजे स्टार चॅनेल नुसतं दाखवत नव्हतं, लीग चालवणाऱ्या कंपनीतच त्यांचा हिस्सा आला. स्वतःचं पोर असल्यावर माणूस शाळेत सोडायला पण जातो, गॅदरिंगला पण जातो. हॉकी कुणाचं पोर आहे?

आमच्या गावातल्या मंडळाच्या स्पर्धा आता यूट्यूबवर लाइव्ह असतात, रात्री दीड वाजता फायनल आणि खाली कमेंटमध्ये दुबईला गेलेली पोरं शिव्या घालत असतात रेफरीला. हे असं हॉकीत ठाण्यात कुठे दिसलं तर मला सांगा.

कोपरी_पूल

हॉकीची पण लीग झाली की. एकदा नाही, कितीदा. चालली का?

शॉर्ट_कॉर्नर

कोपरी साहेब, तेच तर दुखणं आहे. कॉलेजपर्यंत खेळलोय, क्लब लीग पण खेळलोय म्हणून जवळून बघितलं. 2005 ला प्रीमियर हॉकी लीग आली, आपली मराठा वॉरियर्स टीम होती, 2008 ला संपली. 2012 ला वर्ल्ड सिरीज हॉकी, मुंबई मरीन्स आणि पुणे स्ट्रायकर्स, एक सीझन. का? कारण तेव्हा दोन संघटनांचं भांडण चालू होतं देशातली हॉकी नक्की कुणाची यावरून, आणि लीग त्यात चेपली. 2013 ला हॉकी इंडिया लीग, 2017 ला बंद. दबंग मुंबईची जर्सी घेतलेली मी, आता गाडी पुसायला वापरतो. मग डायरेक्ट डिसेंबर 2024 ला परत आली, पुरुषांच्या आठ टीम आणि त्यात महाराष्ट्राची एकही नाही! ठाण्यातल्या माणसाने कुणासाठी टीव्ही लावायचा? कलिंगा लान्सर्स? चांगली टीम आहे पण माझं काय नातं?

कबड्डीत यू मुंबा पहिल्या दिवसापासून आहे, हरो जिंको. सवय म्हणतात ती अशी लागते.

घोडबंदर_बॉय

आणि बॉल दिसत नाही याचं काय? माझा तरी तो काकांवर राग आहे अजून.

शॉर्ट_कॉर्नर

राग सोड, काका पूर्ण चुकीचे नाहीत. गंमत बघ, हॉकीचा बॉल आणि क्रिकेटचा बॉल वजनाला जवळजवळ सारखे, 160 ग्रॅमच्या आसपास दोन्ही. पण क्रिकेटमध्ये बॉल कुठून निघणार हे कॅमेरामनला आधीच माहीत असतं, 22 यार्डांच्या पट्टीवर लेन्स लावून तो बसलेला असतो. हॉकीत 91 मीटर लांब मैदान, बॉल कुठूनही कुठेही, त्यात स्टिकच्या आड, आणि डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, बॉल कुणाला लागून वळला की गोल झालाय हे खेळाडूंना पण शिट्टी वाजल्यावर कळतं कधीकधी.

पण हे हॉकीवाल्यांना कळलं नव्हतं असं नाही. 2012 ला लंडनला टर्फ निळं केलं, बाजूला गुलाबी पट्टा, बॉल पिवळा, फक्त टीव्हीवर दिसावा म्हणून. तोपर्यंत हिरव्यावर पांढरा बॉल होता. ऑफसाइड तर नव्वदच्या दशकातच काढून टाकला. 2014 नंतर 35-35 चे दोन हाफ मोडून चार क्वार्टर केले. पेनल्टी कॉर्नरला (डीमध्ये फाउल झाला की समोरच्या टीमला मिळणारा चान्स) 40 सेकंद घड्याळ थांबवायला लागले, म्हणजे रिप्ले दाखवता येतो. एखाद्या खेळाने टीव्हीसाठी स्वतःला एवढं बदललेलं मला दुसरं आठवत नाही. टीव्हीने त्याच्यासाठी काय बदललं ते सांगा.

खरा प्रॉब्लेम मला कॉमेंट्रीत वाटतो. शिट्टी वाजते, का वाजली ते सांगतच नाहीत. पायाला लागला, बॅक स्टिक झाली, पाच मीटर सोडले नाहीत, नवीन माणसाला काय कळणार? आता पेनल्टी कॉर्नरच घ्या. टीव्हीवर वाटतं की मारला आणि गेला. पण डिफेन्समध्ये गोलकीपर धरून पाचच जण, बाकी सगळे हाफलाइनच्या पलीकडे. बॉल आधी डीच्या बाहेर गेलाच पाहिजे, मग आत आणून मारायचा. डायरेक्ट हिट असेल तर गोलच्या तळाच्या फळीच्या उंचीच्या वर गेला की गोल नाही, पण ड्रॅग फ्लिक (बॉल स्टिकने ओढत उचलून फेकणं) कितीही वर चालते, म्हणून तर फ्लिकरला एवढा भाव. आणि या सगळ्यात एक माणूस तोंडावर मास्क, गुडघ्याला पॅड लावून गोललाइनवरून सरळ फ्लिकरच्या अंगावर धावत जातो, शंभरच्या वर स्पीडने येणाऱ्या बॉलच्या रेषेत. त्याला फर्स्ट रशर म्हणतात. आपल्याकडे अमित रोहिदास. पॅरिसला ब्रिटनविरुद्ध क्वार्टर फायनलला 17 व्या मिनिटाला त्याला रेड कार्ड मिळालं, उरलेली मॅच दहा जणांनी काढली, 1-1, शूटआउटमध्ये 4-2 जिंकलो. सेमीला तो बंदीमुळे नव्हता, जर्मनीने 3-2 ने हरवलं. आता मला सांगा, फर्स्ट रशरला हेल्मेट कॅम लावून एकदा दाखवा की राव, जिममधले काका ट्रेडमिल थांबवतील.

टोरांटोकर_ठाणेकर

नमस्कार, मी मूळचा पाचपाखाडीचा, सध्या कॅनडात. तुमचा धागा वाचून हसू आलं कारण बर्फावरच्या हॉकीची रड सेम आहे, फक्त सीमेच्या खालच्या बाजूला. इथे कॅनडात हॉकी म्हणजे आपलं क्रिकेट समजा, शनिवारी रात्री हॉकी बघायची ही घराघरातली रीत, 2013 ला रॉजर्स कंपनीने 12 वर्षांचे हक्क 5.2 अब्ज कॅनेडियन डॉलरला घेतले, तेही कॅनडासारख्या चार कोटी लोकांच्या देशात. आणि अमेरिकेत? 2025 ची स्टॅनले कप फायनल, म्हणजे बर्फावरच्या हॉकीची सगळ्यात मोठी, सरासरी पंचवीसेक लाख लोकांनी बघितली, त्याच वर्षी सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलची फायनल) बारा कोटींच्या वर. एक खेळ, शेजारशेजारचे दोन देश.

आणि बॉल दिसत नाही ही तक्रार तिथेही. 1996 मध्ये फॉक्स चॅनेलने पकमध्ये (बॉलच्या जागी असते ती रबरी चकती) इलेक्ट्रॉनिक्स बसवून स्क्रीनवर त्याच्याभोवती निळी झळाळी दाखवली, जोरात मारला की मागे लाल शेपूट. जुने प्रेक्षक एवढे चिडले की काही विचारू नका, व्हिडिओ गेम करून ठेवला म्हणाले. दोन वर्षांत गुंडाळलं.

मीडिया_मजूर

हे माहीत नव्हतं, मस्त. आणि मुद्दा तोच आला बघा, कॅनडावाल्याला पक दिसतो कारण लहानपणापासून बघतोय. डोळ्याला वळण लागलेलं असतं. न खेळलेल्या माणसाला स्पिनरचा गुगली तरी कुठे दिसतो? बारा अँगलने दाखवतात, लाइन काढून दाखवतात, म्हणून दिसतो.

नेरूळकर

माझे दोन आणे. 2 नोव्हेंबर 2025 ला डी. वाय. पाटील स्टेडियमच्या बाहेर होतो मी, तिकीट मिळालं नाही म्हणून नुसता बाहेर. नेरूळ स्टेशनपासून निळे शर्ट, एलपी ब्रिजपर्यंत ट्रॅफिक जाम, रिक्षावाला स्कोअर सांगतोय. महिलांची मॅच होती ही, क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल! आपण 298, साउथ आफ्रिका 246. दहा वर्षांपूर्वी महिला क्रिकेटबद्दल पण लोक हेच बोलायचे ना, स्लो आहे, कोण बघतं. मग बोर्डाने मॅच फी पुरुषांइतकी केली, डब्ल्यूपीएल (महिलांची आयपीएल) काढली, पहिला सीझन इथेच आणि ब्रेबॉर्नला खेळवला, संध्याकाळी साडेसातची वेळ दिली, तेच कॅमेरे तेच ग्राफिक्स. बघायला लागले लोक. प्रेक्षक आकाशातून पडत नाही, आणावा लागतो, आणि आणायला पैसे लागतात.

कोपरी_पूल

बोर्डाकडे पैसे आहेत म्हणून. हॉकीकडे कुठेत? ओडिशा सरकार नसतं तर जर्सीवर स्पॉन्सर पण नसता.

नेरूळकर

अगदी. आणि ओडिशात बघ मग, 2018 चा वर्ल्ड कप भुवनेश्वरला, 2023 ला राऊरकेलाला वीस हजारांचं नवीन स्टेडियम, भारताच्या मॅचला फुल्ल. सुंदरगडच्या गावागावात पोरं खेळतात म्हणून स्टेडियम भरतं. इथे खेळायलाच मिळत नाही तर बघणार कोण.

तलावपाळी_काका

एक शंका, कुणाला माहीत असेल तर. कायद्याने मोठ्या मॅच दूरदर्शनला द्याव्या लागतात ना? मग माझ्या केबलवर त्या दिसत का नाहीत? आमच्या केबलवाल्याला विचारलं तर म्हणतो काका पॅक वाढवा. दर महिन्याला त्याचं एकच औषध.

मीडिया_मजूर

काका, कायदा 2007 चा आहे, राष्ट्रीय महत्त्वाच्या मॅच प्रसार भारतीला शेअर करायच्या. त्यात हॉकी पण येते. पण 2017 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ते सिग्नल दूरदर्शनने फक्त स्वतःच्या अँटेनावर आणि स्वतःच्या मोफत डीटीएचवर, म्हणजे फ्री डिशवर दाखवायचे, खासगी केबलवर आणि डीटीएचवर नाही. म्हणून तुमच्या केबलवर डीडी असलं तरी मॅचच्या वेळी दुसरंच काहीतरी लागतं. गावाला फ्री डिशवर फुकट दिसते आणि ठाण्यात सहाशे रुपये भरून दिसत नाही, असा प्रकार.

तलावपाळी_काका

वा. म्हणजे मॅच बघायला आता गावी जावं लागणार.

सीवूड्स_आई

इतका वेळ वाचत होते, आता बोलते. माझी मुलगी आठवीत आहे, शाळेत हॉकी खेळते, मुरमाच्या ग्राउंडवर, गुडघे कायम फुटलेले. तिला मॅच बघायची असते, नुसती मज्जा म्हणून नाही, शिकायला. क्रिकेट खेळणाऱ्या तिच्या मैत्रिणीला टीव्ही लावला की काहीतरी सापडतंच, हिला मी मोबाइलवर शोधून द्यायचं. मागच्या महिन्यात एका ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं हॉकीसाठी म्हणून, तर मॅच तिथून दुसरीकडे गेलेली. कस्टमर केअरवाला म्हणतो मॅडम क्रिकेट आहे ना.

आणि हरमनप्रीत टाकलं सर्चमध्ये की आधी क्रिकेटवाली येते, मग क्रिकेटवालीच येते, मग खूप खाली हॉकीचा कॅप्टन. दोघंही कॅप्टन, दोघंही पंजाबचे. हिने शेवटी त्याच्या नावापुढे ड्रॅग फ्लिक लिहून सर्च करायला सुरुवात केली.

टोकियोचं आठवतंय का कुणाला? सकाळी सातची मॅच जर्मनीशी, 5-4, शेवटच्या सहा-सात सेकंदांत पेनल्टी कॉर्नर आणि आपला गोलकीपर श्रीजेशने अडवला. आमच्या विंगमधून सगळ्या घरांतून एकदम आवाज आला. दुसऱ्या दिवशी मुलींची ब्रिटनशी, 3-4 ने हरलो, चौथा नंबर, तरी सगळे बघत होते. म्हणजे बघायची इच्छा नाही असं नाही हो. मग तिसऱ्या दिवशी काय लावायचं होतं आम्ही? काही नव्हतंच.

ऐरोली_एक्स्प्रेस

ताई, तुमच्या मुलीला सांगा क्रिकेटवाली जेमिमा रॉड्रिग्ज पण आधी हॉकी खेळायची, महाराष्ट्राच्या अंडर-17 टीममध्ये होती. डी. वाय. पाटीलला त्याच वर्ल्ड कपच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध सेमीला 127 नॉटआउट मारल्या तेव्हा स्वीप बघून मला तर स्टिकच आठवत होती.

सीवूड्स_आई

माहितीये तिला. तिचं म्हणणं, "बघ ना आई, ती पण सोडून गेली."

घोडबंदर_बॉय

अरे यार.

बरं 2026 च्या ऑगस्टमध्ये हॉकीचा वर्ल्ड कप आहे, बेल्जियम आणि नेदरलँड्सला, पुरुष आणि महिला दोन्ही. उन्हाळ्यात त्यांच्यापेक्षा आपण साडेतीन तास पुढे, म्हणजे त्यांची दुपारची मॅच आपल्याला ऑफिस सुटल्यावर आणि संध्याकाळची रात्री साडेदहा-अकराला. प्राइम टाइम आहे चक्क. यावेळी तरी कारण नाही चालणार चॅनेलवाल्यांना.

कोपरी_पूल

ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात ना? श्रावण असतो. मॅच आणि चिकन नाही? जमणार नाही.

मीडिया_मजूर

कोपरी, तू बघणार म्हणतोयस म्हणजे टीआरपी डबल झाला.

शॉर्ट_कॉर्नर

सीवूड्स ताई, टीव्हीचं होईल तेव्हा होईल, मुलीला चर्चगेटला महिंद्रा हॉकी स्टेडियमला घेऊन जा. लोकल टूर्नामेंट असतात तिथे, टर्फवरची मॅच समोर बसून बघितली की शिट्ट्या का वाजतात ते एका दिवसात कळतं. हार्बरने सीएसएमटीला उतरा, तिथून चालत जाता येतं. गोलच्या मागे नका बसू, साइडला हाफलाइनजवळ बसा, तिथून पोझिशन दिसतात. जायच्या आधी फिक्स्चर बघून घ्या कुठल्या ग्रुपवर. आणि बसायला पेपर न्या, दुपारी पायऱ्या जाम तापतात.

सीवूड्स_आई

नक्की. कुठली टूर्नामेंट कधी ते इथेच टाकाल का प्लीज, मला ग्रुप नकोत अजून, आधीच शाळेचे पुरे झालेत.